जीव देणे आणि जीव लावणे



चालकांनी मला बोलावले तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपवली होती. मी विषय कळवला आणि दोन दिवस त्यांच्याकडून काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः दवाखान्यात आले. "डॉक्टर, वसंतातली व्याख्यानमाला आहे. लोक बायकामुलांना घेऊन येतात. तिथे आत्महत्येवर बोलायचे म्हणजे..." एवढे म्हणून ते थांबले. त्यांची अडचण मला समजली. मी त्यांना म्हणालो, लोक बायकामुलांना घेऊन येतात म्हणूनच हा विषय घेऊ या. त्यांनी मोठ्या मनाने मान्यता दिली, याबद्दल मी आरंभीच त्यांचे आभार मानतो.

वसंताचा आणि या विषयाचा संबंध नाही, असेही नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खेम याने १८९७ साली आत्महत्येवर एक ग्रंथ लिहिला. युरोपातील देशांच्या नोंदी तपासताना त्याला आढळले की आत्महत्या कडाक्याच्या हिवाळ्यात वाढत नाहीत, त्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी वाढतात. याचे कारण त्याने हवेत शोधले नाही. दिवस मोठा होतो, माणसांची ये-जा आणि व्यवहार वाढतात, समाजाची धावपळ वाढते, तिच्याशी त्याने त्याचा संबंध जोडला. आपल्याकडचे ऋतू निराळे, म्हणून तो नियम इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपलाही हा काळ मनावर ताण आणणाराच असतो. मार्चअखेरचे हिशेब होऊन गेलेले असतात, मुलांचे निकाल लागायचे असतात, लग्नाच्या तिथी अंगावर आलेल्या असतात, आणि मृगाच्या आधी बी-बियाण्याची तजवीज करायची असते.

आकड्यांचा भाग थोडक्यात उरकतो. जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसे आत्महत्येने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता, २२,७४६. ही माणसे कोण होती? देशभरच्या या आकड्यात चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर काम करणारी होती. तेरा हजारांवर विद्यार्थी होते. आणि आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०२३ या एका वर्षात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. ही माणसे या औरंगपुऱ्याला परकी नाहीत. इथल्या मंडईत भाजी घेऊन येणारा, सरस्वती भुवनमध्ये शिकायला आलेला, पुस्तकांच्या दुकानात स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तके चाळणारा, यांच्यापैकीच ती आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या घरांत एक जुना समज आहे की या गोष्टीचे नाव काढू नये. "वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते," असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे समोरच्याच्या मनात काहीतरी भयंकर चालले आहे अशी शंका आली, तरी आपण विचारत नाही. विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात जाईल, अशी भीती वाटते. ही भीती खोटी आहे. याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि सरळ विचारल्याने विचार पेरला जातो असे कुठेही आढळलेले नाही. उलट विचारल्याने बहुतेकांना हायसेच वाटते. ज्याच्या मनात तो विचार नसतो तो म्हणतो, "छे हो, तसे काही नाही." ज्याच्या मनात असतो त्याला वाटते, अखेर कोणीतरी दार ठोठावले.

हे मी पुस्तकात वाचले होते. तरीही स्वतः कसा चुकलो, ते आपल्याला सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दवाखान्यात एक शेतकरी आला. चाळिशीचा, धडधाकट. सकाळी मंडईत माल घालून तो आला होता. पोटात दुखते म्हणाला. मी पोट तपासले, काही आढळले नाही. बाहेर रोग्यांची रांग होती. मी गोळ्या लिहून दिल्या. तो उठला, दारापर्यंत गेला, मागे वळला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, झोप लागंना." मी म्हटले, "गोळीने लागेल." तो गेला. मी पुढच्या रोग्याला हाक मारली.

माझ्याकडे तेव्हा एक वयस्कर कंपाउंडर होते. शिक्षण सातवीपर्यंतचे. औषधाची पुडी देताना त्यांनी त्या माणसाकडे पाहिले आणि म्हणाले, "पाटील, घाई नसली तर टेका जरा. चहा येतोय." चहा आला. कंपाउंडरमामांनी गाव विचारले, पाऊसपाणी विचारले, लेकरे किती ते विचारले. लेकरांचे नाव निघताच त्या माणसाने मान खाली घातली. तेव्हा मामांनी आवाज न चढवता, आडपडदा न ठेवता विचारले, "पाटील, जीव द्यायचं मनात येतंय का?"

तो माणूस रडू लागला. तो त्या दिवशी घरी परत जायच्या विचाराने आलाच नव्हता. दवाखान्यात तो का शिरला, हे त्यालाही नीट सांगता आले नाही. कोणीतरी विचारावे म्हणूनच शिरला असावा. मामांनी त्याला एकटे सोडले नाही. दुपारी त्याचा भाऊ येईपर्यंत ते त्याच्याजवळ बसून राहिले, आणि मग तिघे मिळून घाटीत मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. पुढे काही महिने त्याचे उपचार चालले. त्याचे कर्ज त्या दिवशी फिटले नाही, पुढच्या वर्षीही फिटले नाही. पण तो राहिला. थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याने स्वतः आणून दिली. माझ्या हातात नव्हे, मामांच्या हातात दिली, आणि ते योग्यच झाले.

त्या दिवशी मी पोट तपासले होते आणि मामांनी माणूस विचारला होता. पदवी माझ्याकडे होती. म्हणून आजचे व्याख्यान डॉक्टरांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

असाच अनुभव इंग्लंडमध्ये एका माणसाला आला होता. चॅड व्हारा नावाचे एक पाद्री होते. १९३५ साली, अगदी उमेदवारीच्या काळात, एका कोवळ्या मुलीच्या दफनविधीला त्यांना उभे राहावे लागले. त्या मुलीला पाळी सुरू झाली होती. हे काय आहे ते तिला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारावे असे कोणी तिला दिसले नाही. आपल्याला घाणेरडा रोग जडला असे समजून तिने आत्महत्या केली. चार समजुतीच्या वाक्यांनी वाचली असती अशी ती मुलगी! व्हारा ते विसरले नाहीत. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या एका चर्चमध्ये त्यांनी एक टेलिफोन ठेवला आणि जाहीर केले की, ज्याला जीव द्यावासा वाटत असेल त्याने आधी इथे फोन करावा. लोक फोन करू लागले, प्रत्यक्षही येऊ लागले. गर्दी झाली, तेव्हा बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी आणि त्यांच्याजवळ बसण्यासाठी काही साधी माणसे मदतीला आली. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आले की बाहेर बसून त्या माणसांशी बोललेल्यांपैकी पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही. तेव्हा मुख्य काम त्यांनी त्या चहा देणाऱ्यांच्याच हाती सोपवले. समॅरिटन्स ही संस्था अशी उभी राहिली. लंडनच्या चर्चमध्ये काय किंवा आमच्या दवाखान्यात काय, चहाच्या पेल्याने काम केले असे कोणी समजू नये. तो पेला संपेपर्यंत कोणीतरी शेजारी बसले होते, त्याने काम केले.

आता त्या घटकेत मनाचे काय होते, ते पाहू. जीव द्यायला निघालेल्या माणसाला मरणाची आवड असते असे आपण समजतो. पुष्कळदा तसे नसते. त्याला मरायचे नसते, त्याला वेदना थांबायला हवी असते, आणि ती थांबवायचा दुसरा मार्ग त्याला त्या वेळी दिसत नाही. मन आक्रसत जाते. घोड्याला झापडे बांधावीत तसे होते. वाटा असतात, दिसत नाहीत. मग दोन खोटी गणिते मन मांडते. पहिले गणित, "हे कधीच बदलणार नाही." दुसरे गणित, "मी सगळ्यांना ओझे आहे, मी नसलो तर यांचे बरे होईल." दुसरे अधिक घातक, कारण त्याला मायेचे रूप असते. माणूस आपल्या लेकरांच्या प्रेमापोटीच लेकरांना पोरके करायला निघतो. ज्या घरात अशी घटना घडली आहे त्या घराला विचारा, ओझे कमी झाले का? ते कधीच कमी झालेले नसते, जन्मभराचे होऊन बसलेले असते.

पण ही घटका ओसरते, आणि ही गोष्ट मी फार महत्त्वाची समजतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात आत्महत्येच्या अगदी बेतात असताना ज्यांना अडवले गेले अशा ५१५ माणसांचा पुढे अनेक वर्षे माग काढला गेला. तो अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. "आज अडवाल, उद्या करतीलच," असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात शंभरातील सुमारे ९४ माणसे एक तर हयात होती, किंवा नैसर्गिक मृत्यूने गेली होती. म्हणून "ज्याला करायचे तो करतोच" हे वाक्य आपण आपल्या तोंडून काढून टाकले पाहिजे. ते शहाणपणाचे वाटते, पण खरे नाही. पूर येतो तेव्हा गोदावरीला कोणी आवरू शकत नाही. पण पूर ओसरेपर्यंत माणसाला उंचावर बसवून ठेवता येते.

याच कारणाने घातक वस्तू हाताशी नसणे याला मोठे महत्त्व आहे. श्रीलंकेचे उदाहरण पाहा. एके काळी त्या देशात आत्महत्यांचे प्रमाण जगात फार वरचे होते. तेथील सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. तेथील लोकांची दुःखे काही ७० टक्क्यांनी उतरली नव्हती. त्या घटकेत हात पुढे गेला तेव्हा तिथे ते नव्हते, एवढाच फरक. म्हणून ज्यांची शेती आहे त्यांना माझे सांगणे आहे की फवारणीचे औषध राहत्या घरात ठेवू नका. ते कुलपात ठेवा, आणि घरात कोणाचे मन ठीक नसेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. घरातल्या औषधगोळ्यांनाही हेच लागू आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. कोणी म्हणेल, "डॉक्टर, शेतकरी मनाच्या आजाराने मरत नाही, भावाने आणि कर्जाने मरतो. तुम्ही त्याला समुपदेशन देऊन सरकारला मोकळे करता." या बोलण्यात तथ्य आहे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले. त्या घटनेची आठवण ठेवून महाराष्ट्रात १९ मार्चला अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात. त्या घटनेला चाळीस वर्षे होत आली तरी कोरडवाहू शेतीचे गणित सुटलेले नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर प्रकरणे सरकारी कचेरीत जातात आणि तिथे ती "पात्र" किंवा "अपात्र" ठरतात. मदत देताना काही निकष लागतात, हे मला समजते. पण मेलेल्या माणसाच्या पुढे "अपात्र" हा शब्द लिहिलेला पाहून त्याच्या बायकोला काय वाटत असेल, याचा विचार आपल्या भाषेने करायला हवा होता. पाणी, भाव, पीकविमा आणि कर्ज यांची उत्तरे गोळ्यांनी मिळत नाहीत. ती राज्यकर्त्यांकडे मागितलीच पाहिजेत.

तथापि ती मिळेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, आणि ते आपल्या हातात असते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या दुखण्याविषयी बोलायला सुरुवात केली, ऐकून घेतले, गरज पडेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेले. दीड वर्षानंतर मोजणी केली. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम चार जण मदत घेत होते, ते सत्तावीस घेऊ लागले. आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण शंभरी ५.२ वरून २.५ वर आले. त्या दीड वर्षात कापसाला सोन्याचा भाव आला नव्हता. गावात बोलणे सुरू झाले होते. शेतमालाचा भाव आणि माणसाचे मन ही दोन भांडणे परस्परविरोधी नाहीत. दोन्ही लढली पाहिजेत.

आणखी एक आठवण, जी काढताना मन जड होते. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आत्महत्या केली. ज्यांच्या 'श्यामची आई'ने मराठी घराघरांतल्या मुलांना रडवले आणि शहाणे केले, ते गुरुजी! त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्यावरून दोन गोष्टी आपण शिकू शकतो. पहिली, "याला काय कमी होते?" हा प्रश्न व्यर्थ आहे. गुरुजींवर माया करणारी माणसे महाराष्ट्रभर होती. माया असतानाही दुखणे तिच्याहून मोठे होऊ शकते. म्हणून ज्यांच्या घरात असे घडले त्यांना "तुमचे प्रेम कमी पडले" असे चुकूनही म्हणू नये, आणि त्यांनीही स्वतःला तसे म्हणू नये. दुसरी गोष्ट, त्यांच्या मरणाला आपण सुंदर करू नये. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये केलेले उपोषण, १९४८ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक, मुलांसाठी लिहिलेली पुस्तके, यांत त्यांचे मोठेपण आहे. त्यांच्या मरणात ते नाही. ते मरण ही आपली हानी होती. ते आणखी जगायला हवे होते.

मरणाला सुंदर करण्याचा विषय निघाला, म्हणून बोलण्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. बोलण्याने माणूस वाचतो असे मी म्हणालो. पण प्रत्येक बोलणे वाचवणारे नसते. कविश्रेष्ठ गटे याने १७७४ साली 'वेर्थर' नावाची कादंबरी लिहिली. तिचा नायक प्रेमभंगाने जीव देतो. तरुण त्याच्यासारखे कपडे घालू लागले, आणि काहींनी त्याचे अनुकरण पुढेही नेले, अशा भीतीने काही ठिकाणी पुस्तकावर बंदी आली. एका आत्महत्येच्या गाजावाजातून दुसऱ्या होतात, या प्रकाराला १९७४ मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने त्या नायकाचेच नाव दिले. उलट उदाहरण व्हिएन्नाचे. तिथली वर्तमानपत्रे शहरातल्या भुयारी रेल्वेवरील आत्महत्यांच्या बातम्या भडक रंगवून देत. १९८७ साली जाणकारांनी संपादकांना समजावले. बातम्या लहान झाल्या, तपशील गेले, आणि तिथल्या घटना काही महिन्यांतच झपाट्याने उतरल्या. तसेच, संकटातून बाहेर पडलेल्या माणसाची हकीकत छापली तर ती वाचून इतरांना बळ येते, असेही पुढे २०१० मध्ये त्याच शहरातील अभ्यासकांना दिसले. मोझार्टच्या एका संगीतिकेतील पात्र तीन मुलांच्या आठवण करून देण्याने वाचते. त्याचे नाव त्यांनी या परिणामाला दिले.

याच्याहून घातक आहे ती निराशेची संगत. खचलेला माणूस आपल्यासारख्या खचलेल्याला शोधतो. त्यात त्याची चूक नाही. घरचे ऐकत नाहीत, मित्र हसतात, मग जो "मला समजते" म्हणतो त्याच्याकडे तो जातो. पूर्वी अशी संगत मिळायला गावोगाव हिंडावे लागले असते. आज रात्री दोन वाजता, अंथरुणावर पडल्यापडल्या, हातातल्या फोनवर ती मिळते. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याचा हेतू समजत नाही, पण तो ऐकतो. आणि ऐकून काय करतो? तो त्या खोट्या गणिताला होकार भरतो. "तुझे बरोबर आहे, काही बदलणार नाही." एखादा त्याच्याही पुढे जातो. बुडणारे दोघे एकमेकांना मिठी मारतात तेव्हा दोघेही खाली जातात. कायद्यालाही हे ठाऊक आहे. जीव देण्यास कोणाला प्रवृत्त करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंतची कैद आहे. पण आईबापांनो, नुसता फोन काढून घेऊन हे सुटणार नाही. मूल तिथे का गेले? तिथे त्याचे ऐकून घेतले जात होते म्हणून गेले. ती जागा घरात मोकळी करून ठेवा.

मग ऐकावे कसे? उपदेश करू नये. "जगात तुझ्याहून दुःखी लोक आहेत," असे सांगू नये. ते त्याला ठाऊक असते, आणि ऐकून त्याला आपली आणखी लाज वाटते. शपथा घालू नयेत. त्याने "कोणाला सांगू नका" म्हटले तर तसे वचन देऊ नये. "तुझ्या जिवाची गोष्ट आहे, मी गुप्त ठेवणार नाही, पण तुला सोडूनही जाणार नाही," असे सांगावे. सरळ विचारावे. उत्तर होय आले तर घाबरून पळू नये. त्याला एकटे ठेवू नये, घातक वस्तू दूर कराव्यात, आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. पत्ता लिहून देणे पुरत नाही, सोबत जावे. उदासीनतेचा आजार उपचाराने बरा होतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढे दिवस धीर धरवणारा माणूस लागतो. सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र कधीही, पैसे न पडता, मराठीतून बोलता येते. हा क्रमांक कृपा करून आताच लिहून घ्या.

खुणाही ध्यानात ठेवाव्यात. झोप उडणे, माणसांतून अंग काढून घेणे, दारू वाढणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीचे बोलणे, आणि बरेच दिवस तळमळणारा माणूस एकाएकी शांत होणे. याआधी प्रयत्न केलेला असेल तर विशेष जपावे. "जो बोलतो तो करत नाही" ही म्हण कोणी काढली ते मला माहीत नाही, पण ती खोटी आहे.

पोलिसांच्या भीतीने लोक अजूनही इस्पितळात खोटे सांगतात. तेव्हा कायद्याचे दोन शब्द. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला होता. मुंबई पोलीस दलातील एक शिपाई अपघातानंतर मनाने आजारी झाला आणि त्याने असा प्रयत्न केला. त्याच्यावर खटला झाला, तेव्हा १९८६ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसेच म्हटले आणि १९९६ मध्ये ते फिरवले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मानले की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो, त्याला शिक्षा नको, त्याची काळजी सरकारने घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत जुने कलम नाही. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमात आहे. तेव्हा डॉक्टरांना खरे सांगा. खरे सांगितल्याने उपचार नीट होतो.

आणि जिथे घात होऊन गेला आहे त्या घरी जा. इतर मरणांना आपण जातो, पिठले-भाकरीचे डबे नेतो. या मरणाला मात्र गल्ली दार लावून घेते आणि आत कुजबुजते. तिथे जाऊन कारण विचारू नका, कसे झाले ते विचारू नका. गेलेल्याचे नाव घ्या, त्याची एखादी चांगली आठवण सांगा, आणि महिन्याने पुन्हा जा.

आता शेवटचे. या मांडवात एवढी माणसे बसली आहेत. त्यांत एखादा असा असेल की त्याला हे सारे व्याख्यान दुसऱ्या कोणाविषयीचे वाटले नसेल. त्याने हात वर करावा असे मी म्हणत नाही. त्याला एवढेच सांगतो: आपल्याला जे वाटते आहे ते पुष्कळांना वाटून गेलेले आहे, आणि त्यांतले बहुतेक आज घरी जेवायला बसले आहेत. आज रात्री कोणताही निर्णय करू नका. जाताना शेजारच्या माणसाला, भावाला, बहिणीला, कोणालाही एक वाक्य सांगा, "मला बरे वाटत नाही, जरा थांबता का?" कोणी नसेल तर १४४१६ ला सांगा. तेही जमत नसेल तर मी व्याख्यान संपल्यावर इथेच बसणार आहे. मला घाई नाही. घाई केल्याने काय होते ते मी एकदा पाहिले आहे.

आपल्या भाषेत 'जीव देणे' आहे आणि 'जीव लावणे'ही आहे. पहिले एकट्याने होते, दुसऱ्याला दोघे लागतात. आमचे कंपाउंडरमामा आता नाहीत. पण त्यांनी विचारला तो प्रश्न विचारायला डॉक्टर व्हावे लागत नाही. या उन्हाळ्यात आपल्यापैकी प्रत्येकाने तो एकदा, ज्याला विचारायला हवा त्याला विचारला, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.